बाईच्या रक्ताचा हिशेब : परळ १९२८ ते उलवे

यंदा भीमजयंतीला उलव्यात आम्ही रक्तदान शिबिर घेतले. मंडप, बाबासाहेबांची प्रतिमा, पाण्याचे जार, बिस्किटांचे पुडे, सगळी तयारी झाली होती. बायांची रांग पुरुषांच्या रांगेपेक्षा मोठी होती, याचा आम्हाला अभिमानही वाटला. तो दोन तासही टिकला नाही. बोटाला सुई टोचून रक्त तपासायचे, हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असेल तर रक्त घ्यायचे नाही, असा नियम आहे. रांगेतल्या बहुतेक भगिनी त्या टेबलापासूनच परत फिरल्या. त्यांत टॉवरमध्ये चार-चार घरची धुणीभांडी करणाऱ्या होत्या, नाक्यावर उभ्या राहून बांधकामाला जाणाऱ्या होत्या, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आमच्या दोन कार्यकर्त्या मुलीही होत्या. रक्त द्यायला आलेल्या बाईला "तुम्हालाच रक्त कमी आहे" असे सांगितले जाते, तेव्हा ती लाजून हसते आणि निघून जाते. ती का लाजते, याचा विचार आम्ही त्या दिवसापासून करत आहोत.

त्यांतल्या एक मावशी जालन्याकडच्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या रेशनचा तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुपाच्या एका कडेला वीसपंचवीस दाणे वेगळे काढलेले. "हे बघा दादा, पलास्टिकचे दाणे हायेत. पाण्यात टाकले की वर येतेत. सरकार काय बी खाऊ घालतंय गरिबाला."

ते दाणे प्लास्टिकचे नव्हते. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून, यंत्रातून दाबून, पुन्हा तांदळाच्या आकारात कापलेले ते दाणे होते. साध्या शंभर दाण्यांत असा एक, या प्रमाणात ते रेशनच्या तांदळात मिसळतात. ज्या बाईच्या रक्तात लोह कमी म्हणून ते घातले, तीच बाई ते वेचून फेकत होती. आणि तिला कोणी काही सांगितलेले नव्हते.

आमच्या चळवळीतही यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो, हे कंपन्यांचे कारस्थान आहे, खाऊ नका. दुसरा म्हणतो, सरकार पोषण देते आहे, आता आणखी काय हवे? आमचे मत या दोघांशीही जुळत नाही. आणि का जुळत नाही ते सांगायचे तर जवळपास शंभर वर्षे मागे, खाडीच्या पलीकडे जावे लागेल. उलव्याजवळून निघालेला अटल सेतू जिथे शिवडीला उतरतो, तिथून परळ हाकेच्या अंतरावर आहे. ही गोष्ट त्या परळची आहे.

१९२८ साल. मुंबईच्या कापड गिरण्यांत एप्रिलपासून सहा महिने संप चालला. त्याच गिरण्यांत कापड विणायच्या खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. कारण काय, तर तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे आणि सवर्ण कामगाराला अस्पृश्याच्या थुंकीचा विटाळ होई. म्हणजे जिथे मजुरी जास्त तिथे बंदी. बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या काळातच कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. आपल्या घरातल्या ताटात काय पडणार हे त्या खात्याच्या दारातच ठरत होते, हे लक्षात ठेवा. पोषणाचा प्रश्न डॉक्टरकडे जाण्याआधी मजुरीच्या पाकिटात असतो.

त्याच वर्षी लूसी विल्स नावाच्या एक ब्रिटिश डॉक्टर परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये कामाला आल्या. बाळंतपणात इतक्या बाया का मरतात, याची चौकशी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने सुरू केली होती, तिच्यासाठी. मुंबईतल्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होत होता. रक्त पातळ होई, रक्तपेशी आकाराने मोठ्या पण संख्येने कमी असत आणि बाई बाळंत होता होता जाई. विल्स बाईंनी आधी जंतू शोधले, पण दोषी ठरेल असा जंतू सापडला नाही. मग त्यांनी निरनिराळ्या वर्गांतल्या बायका काय खातात ते पाहिले. ज्यांचे जेवण सर्वांत निकृष्ट, त्यांना हा आजार सर्वांत जास्त. गरीब मुसलमान बायकांत तो विशेष होता. प्रयोगशाळेतल्या उंदरांना त्यांनी त्याच बायकांसारखे जेवण दिले, तर उंदीरही आजारी पडले. पुढे त्या उंदरांना उवांमधून आलेला दुसराही रोग होता असे निघाले. मग माकडांवर प्रयोग झाले. शेवटी एक साधी वस्तू लागू पडली. मार्माइट! बियर गाळून उरलेल्या यीस्टपासून केलेला, इंग्रज पावाला लावून खातात तो स्वस्त काळा लगदा. तो खाऊन मरणाच्या दारातल्या बाया उठून बसल्या. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा निबंध छापून आला.

त्या लगद्यात नेमके काय होते ते तेव्हा कळले नव्हते, म्हणून त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक अॅसिड म्हटले. आज जगभरात गरोदर बाईला जी गोळी देतात, अमेरिकेत १९९८ पासून पिठात सक्तीने जे घालतात आणि आमच्या मावशी सुपातून जे वेचून काढत होत्या, त्याचे मूळ परळच्या गरीब बायकांच्या रक्तात आहे. त्यांनी रक्त दिले तेव्हा जगाला हे ज्ञान मिळाले. त्या बायकांची नावे कुठल्या पुस्तकात नाहीत. तेव्हा हे ज्ञान परकीयांचे, कंपन्यांचे म्हणून झिडकारायचा आपल्याला काही अधिकार नाही. ते आपल्याच माणसांचे आहे.

आता त्याच वर्षाचे दुसरे पान. हाफकिनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर पोयबावडीची बीआयटी चाळ आहे. बाबासाहेब आणि रमाई तिथे राहत. चार लेकरे मातीआड केलेल्या रमाई. १९३५ च्या मे महिन्यात त्या गेल्या तेव्हा चाळिशीही आली नव्हती. त्या चाळीत राहणारे बाबासाहेब २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात उभे राहिले आणि गिरणीतल्या बाईला बाळंतपणाच्या आधी व नंतर पगारी विश्रांती देणाऱ्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार खरे तर सरकारने उचलावा. पण मालक बाईला कामावर ठेवतो ते त्यात त्याचा फायदा असतो म्हणून, तेव्हा मालकालाही यातून सुटता येणार नाही. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. असा कायदा देशात पहिलाच होता.

एका वर्षी, एकाच परळमध्ये, एकाच बाईच्या रक्ताला दोन उत्तरे दिली गेली. एक बाटलीतले, दुसरे कायद्यातले. लूसी विल्सनी शोधले की तिला काय कमी पडते. बाबासाहेबांनी विचारले की ते कोणामुळे कमी पडते आणि भरपाई कोणी करायची. ही दोन्ही उत्तरे एकमेकांच्या विरोधात नव्हती. उपाशी, दमलेल्या बाईला दोन्ही हवीच होती. नंतरच्या राज्यकर्त्यांनी मात्र पहिले उत्तर उचलले, कारण ते पोत्यात भरता येते. दुसरे अर्धवट ठेवले.

बाबासाहेबांनी ते सोडले नव्हते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यामागचे भाषण बाबासाहेबांचे होते. एकामागून एक बाळंतपणे बाईचे शरीर कसे पोखरतात, हे त्यात सांगितले आहे. सभागृहाने तो ठराव फेटाळला. पुढे मजूरमंत्री झाल्यावर खाणीतल्या बायांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात त्यांनी दुरुस्त्या केल्या. 'स्त्रियांचे उद्धारक' म्हणून हिंदू कोड बिलावर आपण दरवर्षी भाषणे ठोकतो. ती ठोकावीतच, पण हे कामही सांगत जा.

आता 'अन्नात काही मिसळणे' याकडे वळू. आपल्या देशात ते नवे नाही. वनस्पती तुपात 'अ' जीवनसत्त्व घालणे १९५३ पासून सक्तीचे आहे. त्याहून मोठी गोष्ट मिठाची. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात गळ्याला गाठी आलेली माणसे गावोगाव होती. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून तिथे प्रयोग करून दाखवले की मिठात आयोडीन घातले तर गलगंड ओसरतो. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. बिनआयोडीनचे मीठ खाण्यासाठी विकायला १९९८ मध्ये देशभर बंदी आली, २००० मध्ये उठली, २००६ मध्ये परत आली. उलव्याच्या आसपास, पनवेल-उरण पट्ट्यात मिठागरे होती. खडे मीठ इथल्या आगरी माणसाच्या अंगणातले. त्याला आपलेच मीठ खाण्यासाठी विकणे गुन्हा झाला, ही बाजूही खरी आहे. पण पोटातल्या बाळाच्या मेंदूला आयोडीन लागते, आणि मिठाने ते कोट्यवधी आयांपर्यंत पोचवले. आमच्या मते हा सौदा आईच्या बाजूचा होता.

मग मिठाने जे साधले ते लोहयुक्त तांदळाने का साधत नाही? आमचे उत्तर असे. आयोडीन कमी पडते कारण ते मातीतच नसते. त्या मातीत राहणारा ब्राह्मण असो की चांभार, दोघांच्या गळ्याला गाठ येते. म्हणून सर्वांच्या मिठात चिमूटभर घातले की काम होते. लोहाचे आणि बी-१२ चे तसे नाही. ते बाजारात आहे, कोंबडीच्या खुराड्यात आहे, खाटकाच्या दुकानात आहे, समुद्रात आहे. ते कोणाच्या ताटात पडायचे हे पैसा ठरवतो, जात ठरवते, आणि घरात शेवटी जेवायला कोण बसते त्यावर ठरते. मातीतली उणीव मिठाने भरली. वाटपातला अन्याय तांदळाने कसा भरणार?

आकडेच मांडतो. नियमाप्रमाणे एक किलो पोषणयुक्त तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असते. माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. ते सगळे तांदूळच धरले तरी दिवसाला पाच ते सात मिलिग्रॅम लोह पोटात जाते. प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम हवे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. म्हणजे फार तर चौथा हिस्सा. त्यातलेही सगळे अंगी लागत नाही, जेवणाबरोबर चहा घेतला तर आणखी कमी. कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र तपासले, तर लोह घातलेल्या तांदळाने पंडुरोगाच्या प्रमाणात फारसा फरक पडत नाही असाच कौल आला. तांदूळ वाईट आहे असा याचा अर्थ नाही. पाव भाकरीला पूर्ण जेवण म्हणणाऱ्याला मात्र आपण अडवले पाहिजे.

१५ ऑगस्ट २०२१ ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की २०२४ पर्यंत सर्व सरकारी योजनांतला तांदूळ पोषणयुक्त असेल. त्याआधी पंधरा राज्यांतले एकेक जिल्हे चाचणीसाठी निवडले होते, आपल्याकडचा गडचिरोली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२८ पर्यंतच्या मुदतीसाठी १७,०८२ कोटी रुपये मंजूर केले. आता दुसऱ्या बाजूला बघा. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात लिहिले आहे की गरोदर बाईला किमान ६,००० रुपये प्रसूतिलाभ मिळेल. २०१७ ची मातृवंदना योजना आली ती ५,००० रुपयांची आणि फक्त पहिल्या बाळासाठी. पुढे दुसऱ्यांदा मुलगी झाली तरच ६,००० अशी भर पडली. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी जो भार सरकारचा म्हणून सांगितला, तो सरकारने स्वतःच्या कायद्यातूनही पुरता उचललेला नाही. दुसऱ्या मुलाच्या वेळी बाईच्या अंगात रक्त कमी लागते काय?

आणि आता ताटातून काढून घेतलेल्या वस्तूंबद्दल. बी-१२ हे वनस्पतीत नसते. ते मांस, मासे, अंडी, दूध यांतच मिळते. लोहही रक्त, काळीज, मांस यांतून सर्वांत चांगले अंगी लागते. आमच्या मावशींच्या मराठवाड्यात आपल्या माणसांच्या चुलीवर रक्ती शिजायची, मांसाच्या चान्या वाळवून ठेवायच्या. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात ते सगळे नोंदवून ठेवले आहे. हे अन्न घाण म्हणून हिणवले गेले. इथे एक खुलासा हवा. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला, म्हणजे आमच्याच रायगड जिल्ह्यात, मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितले. ते योग्यच होते. ते अन्न गुलामीची खूण म्हणून मिळत होते. दुकानातून स्वतःच्या कमाईने ताजे मांस विकत घेणे वेगळे. त्याला त्यांनी कधी बंदी घातली नाही. ती घातली २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने. गायीबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आणून गरिबाचे सर्वांत स्वस्त मांस महाग केले.

'जातिनिर्मूलन' मध्ये बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीकत दिली आहे. एप्रिल १९३६ मध्ये यात्रेहून आलेल्या एका अस्पृश्याने आपल्या लोकांना जेवण दिले. पदार्थ तुपात केले होते. सवर्ण लाठ्या घेऊन आले, जेवण नासवले, माणसांना मारले. गुन्हा काय, तर तूप खाल्ले. चांगले अन्न खाणाऱ्या दलिताचा राग येतो, हे तेव्हाचेच आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने शाळेतल्या अंड्याचे पाहावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद करून सरकारने शाळांना लोकसहभागातून द्या असे सांगितले. अंडे काढायचे आणि त्यातले बी-१२ कारखान्यातून आणून तांदळात घालायचे, असा हा उफराटा कारभार आहे.

उलव्यात तर हे डोळ्यांसमोर घडले. विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला, डोंगर फोडला, दहा गावे उठली. खाडीच्या चिखलात उतरून आगरी-कोळी बाया खुबे, शिंपल्या, निवट्या, चिंबोऱ्या गोळा करायच्या. विकायच्या आणि घरीही खायच्या. शिंपल्यांत लोह आणि बी-१२ भरपूर असते. त्यासाठी रेशनकार्ड लागत नव्हते. आज त्या बायांच्या सुना इमारतीत राहतात. काही सुखवस्तू झाल्या, नाकारत नाही. पण ज्यांना साडेबारा टक्क्यांचा भूखंडही धड मिळाला नाही, त्यांच्या आणि आमच्या मावशींच्या हिमोग्लोबिनचा आकडा आता एकाच वहीत येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या पंडुरोगी स्त्रिया आधीच्या फेरीत ४८ टक्के होत्या, २०१९-२१ च्या फेरीत त्या ५४.२ टक्के झाल्या. गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून चालू असूनही.

एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष लक्षात घ्यावी. सिकलसेल. विदर्भात हा आजार आदिवासींबरोबर पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही आहे. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' मध्ये त्यावर लिहिले, इतके ते जुने ज्ञान आहे. लोहयुक्त अन्नाच्या पाकिटावर अशी सूचना असे की सिकलसेलच्या रुग्णांनी हे खाऊ नये, थॅलेसेमियाच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच खावे. २०२४ मध्ये तज्ज्ञ समितीच्या मतावरून ही सूचना काढली गेली. लोहाचे प्रमाण इतके कमी आहे की अपाय होत नाही, असे समितीचे म्हणणे. ते बरोबरही असेल. आमचा आक्षेप वेगळा आहे. सूचना होती तेव्हाही रेशनवर तांदूळ सुटा मिळत होता, तेव्हा ती वाचणार कोण? आम्ही एका दुकानात 'पोते दाखवा' म्हटले, तर ते उलटे करून दारात पाय पुसायला टाकले होते.

त्या दिवशी मावशींना हे सगळे जमेल तसे सांगितले. परळच्या बाया, विल्स बाई, बाबासाहेबांचे भाषण. दाणे पाण्यावर का तरंगतात तेही. त्यांना मुलीची सिकलसेल तपासणी करायची का विचारले, तर म्हणाल्या, आमच्याकडं तसलं कोणाला नाही, पण जावयाचं गाव यवतमाळकडं आहे, त्याला इचारते. मग सुपाच्या कडेचे दाणे त्यांनी परत तांदळात ढकलले.

"बरं, खाते. पण दादा, पोरीच्या शाळंतलं अंडं कधी चालू होणार?"

तो अर्ज आता लिहायला घेतला आहे. त्यात अंडे आहे, रेशन दुकानात मराठीत मोठ्या अक्षरांत फलक आहे, वस्तीत सिकलसेल आणि हिमोग्लोबिनची तपासणी आहे, आणि प्रत्येक बाळंतपणाला कायद्यात लिहिलेले ६,००० रुपये आहेत. सह्या गोळा करायला रविवारी बामणडोंगरी स्टेशनबाहेर सकाळी दहाला भेटू.